सहावी चकती

शनिवार, दिवेलागण

रामभाऊंचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. "मास्तर, ह्या फुटलेल्या नाहीत हो."

आज शाळेची सहल येऊन गेल्यावर ते आमच्या बोटी-रेल्वेच्या छोट्या संग्रहालयात आले. आयुष्यभर गँगमन म्हणून रुळांवर चाललेला माणूस. कपाटातली पत्र्याची डबी त्यांनी उघडायला लावली. आत बुटपॉलिशच्या डबीएवढ्या चपट्या चकत्या. पुढे दरड पडली की गँगमन त्या रुळावर बांधतात, इंजिनाच्या चाकाखाली बार उडतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. कुणीतरी देणगी म्हणून दिलेल्या. दर शनिवारी मी त्या चिंच लावून घासत होतो. घासत होतो.

"जुन्या झाल्या की जास्त वाईट. दाब पडला की संपलं," रामभाऊ म्हणाले. "किती होत्या?"

सहा. डबीत पाचच निघाल्या. पोलीस येऊन त्या घेऊन गेले. सहावी कुणी उचलली असणार? मला पोरांचाच संशय आला. सहलीबरोबर आलेल्या बाईंना फोन करून सगळ्यांची दप्तरं तपासायला लावली. पोरं बिचारी रडली म्हणे.

आत्ता घरी चहा घेताना टेबल डुगडुगलं. पायाखाली पुठ्ठा सरकवला आणि हात तिथेच थांबला.

मिऱ्या बंदरावरून संग्रहालयात आणलेला मचव्याचा नांगरही असाच डुगडुगायचा. गेल्या शनिवारी वस्तू घासताना त्याच्याखाली हाताशी आलेलं काहीतरी चपटं सरकवलं. मीच.

दुपारी पोरं त्याच नांगरावर बसून फोटो काढून घेत होती. मोबाइल माझ्या हातात होता. "अजून एकजण मावेल, बसा रे," असं मीच म्हणत होतो.