आग्नेय कोपऱ्यातलं मडकं

प्रिय बाबा,

आज आमचं उत्खनन बुजवलं, म्हणून लिहितेय. नाहीतर तुमच्यावरचा राग मी आणखी वर्षभर तरी सांभाळला असता.

सकाळी मशीन आलं आणि नायमेखन शहराबाहेरच्या त्या शेतातला आमचा खड्डा जेवणाच्या सुट्टीआधी सपाट करून गेलं. रोमन काळातल्या एका घराचा अर्धा भाग आम्ही उघडा केला होता. उरलेला अर्धा शेजारच्या मक्याखाली आहे आणि तिथे खणायची परवानगी नाही. खेमेंतेने, म्हणजे इथल्या डच नगरपालिकेने, या जागेवर बांधायची घरं दुसरीकडे हलवली. आता बांधकाम नाही तर उत्खननही नाही. जे जमिनीत सुरक्षित आहे ते जमिनीतच राहू द्यायचं, असा नियम आहे. सुरक्षित! हा शब्द ऐकला की हल्ली माझं डोकं फिरतं.

तुम्हीही तेच केलंत ना? सगळं झाकून ठेवलंत, माझ्या भल्यासाठी!

ही जागा पहिल्यांदा व्हिडिओवर दाखवली तेव्हा तुम्ही किती हिरमुसला होतात, आठवतं? तुम्हाला कमानी हव्या होत्या, दगडी खांब हवे होते, गेलाबाजार एखादं स्नानगृह तरी. मी दाखवली चिकणमाती आणि तिच्यातले काळपट गोल डाग. म्हटलं, "बाबा, इथे लाकडी खांब होते. लाकूड गेलं, डाग राहिले. शेतकऱ्याचं घर आहे. एका बाजूला माणसं राहायची, दुसऱ्या बाजूला गुरं."

"म्हणजे गोठा!" तुम्ही म्हणालात. "एवढं शिकलीस, सातासमुद्रापार गेलीस, ते गोठ्यातले डाग बघायला?"

आणि लगेच पुढचा प्रश्न, "पाणी कुठून आणायचे?" पाणीपुरवठा खात्यात जन्म काढलेला माणूस दुसरं काय विचारणार? विहीर अजून सापडलेली नाही म्हटल्यावर तुम्ही माझ्या सगळ्या पथकाला बिनकामाचं ठरवून मोकळे झालात.

मग मार्चमध्ये ते मडकं सापडलं. घराच्या कोपऱ्यातल्या खांबाच्या डागात, अख्खं, पालथं घातलेलं. मी चिखलातून उठून उभी राहिले आणि तिथूनच तुम्हाला फोन लावला. तुम्ही पहिलं काय विचारलंत? "कोपरा कुठला? आग्नेय आहे का बघ." मी होकायंत्र काढलं. आग्नेयच!

आपल्या घरात तुम्ही स्वतः आग्नेय कोपऱ्यातली फरशी उचकटून वास्तुपुरुष पुरला होता, पालथा. गुरुजी सांगत होते आणि तुम्ही छिन्नी चालवत होतात, कारण गवंडी फरशी फोडेल म्हणून तुमचा कोणावर विश्वास नव्हता. मग आम्हा दोघांना दुसरं काय सुचणार? घर उभं करताना शांत केली असणार, झालं! मी आमच्या प्रमुख हॅनेकेला अर्धा तास वास्तुशांत समजावली. तुम्ही तर संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला सांगून टाकलंत की रोमन लोकांतही आपली पद्धत होती. गोठ्याचं एकदम घर झालं. मला म्हणालात, "आता कसं! आता काहीतरी शोधलंस." तुमच्याकडून शाबासकी मिळायला मला चाळिशी गाठावी लागली.

त्यानंतर पथकात कोणाला तरी करोना झाला, काम थांबलं, खड्डा प्लास्टिकखाली गेला. आणि एप्रिल आला.

बाबा, तो कूलर. मी फोनवर विचारलं, "मागे कसला आवाज येतोय?" तुम्ही म्हणालात, "कूलर आणलाय, काय उकडतंय म्हणून सांगू." कॅमेरा छताच्या पंख्याकडे वळवलेला. का, तर फोनचा कॅमेरा बिघडलाय! आणि मी, जिला मातीच्या रंगावरून खांबाची जागा ओळखता येते, ती तुम्हाला विचारत बसले की कुठल्या कंपनीचा घेतलात. ते ऑक्सिजनचं यंत्र होतं. दादा शेजारी बसला होता आणि तुम्ही त्याला शपथ घातली होती. कशासाठी? मी काळजी करीन म्हणून? केली असती की! माझा हक्क होता तो.

शपथा घालून घरं चालवायची ही तऱ्हा कोणी शिकवली तुम्हाला?

त्या दिवशी तुम्ही "येतो" म्हणाला नाहीत. भाजी आणायला निघालेल्या माणसानेही "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं, असा तुमचा दंडक. फोन ठेवतानाही तुम्ही "येतो गं मृणू" म्हणायचात आणि मी हसायची, फोनमधून कुठे येणार म्हणून. त्या दिवशी मात्र फोन एकदम बंद. मला वाटलं बॅटरी गेली. तुमचा दम संपला होता, हे दादाने नंतर सांगितलं.

मग विमानं बंद. विमानं सुरू झाली तर माझं इथल्या रहिवासाचं कार्ड नूतनीकरणात अडकलं, बाहेर पडले तर परत येता येईल की नाही कोण जाणे. तुमच्या तेराव्याला मी लॅपटॉपसमोर बसले होते आणि गुरुजींचा आवाज मध्येच तुटत होता. ईरा शेजारी होती. तिला आईचा धंदा माहीत. तिने डचमध्ये विचारलं, "आजोबांना कुठे ठेवलंय? आपण कधी शोधायचं?" काय सांगू तिला? आपल्यात शोधायला काही ठेवत नाहीत?

सप्टेंबरमध्ये काम पुन्हा सुरू झालं. खड्ड्यात पाणी साचलेलं. उपसायला पंप लावला तर हुबेहूब तोच आवाज, तुमच्या कूलरचा. पहिले काही दिवस मी कानात बोळे घालून काम केलं.

कोपऱ्यातला तो डाग आम्ही उभा कापला. वरून दिसत नाही ते अशा छेदात दिसतं. खांब तिथे कुजलेलाच नव्हता. तो हलवून हलवून उपटून काढला होता, आणि मोकळ्या झालेल्या भोकात नंतर मडकं ठेवून माती लोटली होती. घर बांधताना नाही, बाबा. घर सोडताना.

मी मान्य करीना. हॅनेकेशी भर शेतात भांडले. म्हटलं, हा एकच खांब मध्ये कधीतरी बदलला असेल. ती शांतपणे म्हणाली, "मृणाल, आतापर्यंत इथला प्रत्येक खांब काढलेला निघाला. ही माणसं आवरून गेली. आणि असं मडकं इथल्या बऱ्याच घरांत सापडतं. तुला काय हवंय ते जरा बाजूला ठेव."

मला काय हवं होतं? तुम्ही ज्या गोष्टीवर शाबास म्हणालात, ती खरी असायला हवी होती. एवढंही नाही मिळालं! आणि कोण कुठले ते गुरं राखणारे लोक, त्यांनासुद्धा घराचा नीट निरोप घेता आला. शेवटचं त्यात जेवले असतील, पालथं घातलं असेल, काहीतरी बोलले असतील. मी तुमच्या पोटची, मला काय मिळालं? छताचा पंखा.

दादाचा काल फोन आला. सोसायटी रीडेव्हलपमेंटला जातेय. दिवाळीनंतर घर रिकामं करायचं, मग इमारत पाडणार. तुम्ही दर सभेत उठून विचारायचात ना, "पण पाडताना वास्तुपुरुषाचं काय करायचं?" आणि सगळे हसायचे, मीही. बिल्डरच्या कागदांत त्याचं उत्तर अजून नाही म्हणे. माझ्याकडे आहे.

माझं कार्ड आलंय, तिकीट काढलंय. दादाला बजावून ठेवलंय, स्वयंपाकघरातल्या त्या आग्नेय कोपऱ्यातल्या फरशीला मी येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. छिन्नी मी चालवणार. गवंड्यावर माझाही विश्वास नाही, हे तुमच्याकडूनच आलंय. वास्तुपुरुष काढून घेईन. त्या जागी तुमचा चहाचा स्टीलचा पेला ठेवीन, तोच, ज्याला कान नाही आणि ज्याने तुम्ही रोज बोटं भाजून घ्यायचात. आधी त्यातून चहा पिईन, मग धुऊन पालथा घालीन आणि माती लोटीन. ईराही असेल. मशीन दुसऱ्या दिवशी सगळं चिरडून टाकेल, मला ठाऊक आहे. तरी ठेवीन.

राग तेवढ्याने जाईल असं समजू नका. पण दारातून बाहेर पडताना मागे वळून मोठ्याने "येते" म्हणेन, आणि ईराकडूनही मराठीत म्हणवून घेईन. तुमचं राहिलेलं "येतो" त्यातच धरा.

तुमची,
अजून रुसलेली,
मृणू