ओ द्यायची नाही

४ जुलै
मुक्काम हलवला. कैरोचं भाडं वार्ताहराच्या मानधनाला पेलेना, म्हणून झिफ्ताजवळच्या या गावात, कालव्याला पाठ लावून बसलेल्या घरात वरची खोली घेतली. मालकीणबाई उम्म शौकी, म्हणजे शौकीची आई. आईचं खरं नाव इथे चारचौघांत घेत नाहीत. हिचं तर ते माहीत असलेला शौकीही उरला नाही, कालव्यात बुडाला. बाईंनी गरम फतीर, म्हणजे पदर सुटलेली तुपाळ पोळी, आणि काकवी पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, "खा, उस्ताद. नुसत्या हाडांनी पोरं शिकवता येत नाहीत." उस्ताद म्हणजे इथे मास्तर; मी शिकवत नाही, शिकतोय, म्हटलं. संपादकांनी कळवलंय: प्रोग्राम लिहायला शिका, नाहीतर नमस्कार. ऑनलाइन वर्ग फुकट आहे. पन्नाशीत पुन्हा श्रीगणेशा. जाता जाता बाईंनी बजावलं, कालव्याकडून नावाने हाक आली तर ओ द्यायची नाही. शौकीने दिली होती.

९ जुलै
आज ऑनलाइन वर्गाच्या रबाबबाईंनी पडद्यावरून फंक्शन शिकवलं. कामाला नाव द्यायचं. त्या नावाने हाक मारली की ते ओ देतं. संस्कृत व्याकरणाची सूत्रं घोकलेल्या माणसाला यात नवल नाही. गृहपाठ: नाव विचारा, हाक मारा, उत्तराची वाट पाहा, पुन्हा तेच. माझ्या फंक्शनचं नाव मी गमतीने ठेवलं नद्दाहा. कालव्यातल्या त्या हाक मारणारीला गाव हेच म्हणतं. थांबायची अट घालायला विसरलो. नमुन्याला नाव हवं होतं, कानात होतं तेच टाकलं: शौकी. चहा ओतून वळलो, तर पडद्यावर उजवीकडून डावीकडे अरबी अक्षरं उमटत होती: आलो, आई.
कळफलकाला माझा हात लागला नव्हता. रबाबबाईंना कळवलं. उत्तर आलं, चूक तुमचीच असणार, काका.

११ जुलै
उम्म शौकींनी दोन ताटं मांडली होती. दुपारी कालव्यावरून पोराचा आवाज आला म्हणाल्या. "घाबरतोस काय, उस्ताद? नुसतं आई म्हणतो. नाव नाही घेत." मी वर जाऊन प्रोग्राम पुसला. व्याकरणात लोप म्हणजे नाश नव्हे, नुसतं न दिसणं. कार्य चालूच राहतं. हे नेमकं आजच आठवायचं होतं.

१२ जुलै
भरदुपारी वीज गेली. पडदा मात्र उजळला. पुसलेला प्रोग्राम विचारत होता: पुढचं नाव? खाली उत्तर उमटलं: नबविया.
कोण नबविया, म्हणून खाली जाऊन विचारलं. बाईंच्या हातातला पेला पडला. माझं हे नाव तुला कुणी सांगितलं, म्हणाल्या. मी काही बोलणार तोच कालव्याकडून तेच नाव आलं. पोराच्या आवाजात. बाईंनी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

१३ जुलै, सकाळ
बाई घरात नाहीत. काठावर जाऊन हाका मारल्या— उम्म शौकी म्हणून— मग, मूर्खासारखा, नबविया म्हणून. पाणी हललं.

दुपार
परत आल्या. मागच्या दाराने. चिंब. माझ्या मागे येऊन बसल्यात—

पडद्यावर: पुढचं नाव? उत्तर: मुकुंदा. इथे सगळे उस्तादच म्हणतात. मुकुंदा फक्त आई म्हणायची— आईला जाऊन—

हाक आली. मराठीत. ओ ओठांवर आली होती. बाईंनी मागून तोंड दाबलं. वाचलो. हात गार—

पुढचं दार वाजतंय. "उस्ताद, झोपलास की काय? बहिणीकडे होते रात्रभर. कडी काढ. अरे, ओ तरी दे—"
कोरडा, चिडका आवाज. उम्म शौकीचाच. हिला ओ द्यायला हवी— हीच खरी— पण मग तोंडावरचा हा हात कुणा