गोली शेवटी घेणारे लोक

बाबा, तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला सांगावं असं पुष्कळ घडलं, पण मी कधी कागद पुढे ओढला नाही. आज ओढला, कारण काल संध्याकाळी आमच्या गुडगावच्या सोसायटीत मी जे पाहिलं त्याची किळस अजून जात नाही, आणि ती का आली हे कळेल असं माणूस आता माझ्याजवळ नाही.

आमच्या सोसायटीत दर हिवाळ्यात फुटबॉलचे सामने होतात. चार टॉवर, चार संघ. पण आपल्या टॉवरची माणसं आपल्या संघात, इतकं साधं इथे काही चालत नाही. ज्यांना खेळायचं आहे त्यांची नावं एका यादीत येतात आणि चार कप्तान क्लबहाउसमध्ये बसून पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात. त्याला हे लोक ड्राफ्ट म्हणतात आणि असं म्हणतात की जणू परदेशातून कालच विमानाने आणलाय. मी त्यांना सांगितलं की छावणीत माझे वडील हेच करायचे, चुन्याच्या रेघेवर नव्या भरतीला उभं करून. त्यावर आमच्या संघाचा कप्तान म्हणाला, "वाव आंटी, सो क्यूट." चाळीस वर्षं मी केंद्र सरकारच्या कचेरीत काढली, सचिवांच्या फायली परत पाठवल्या, आणि आता मी क्यूट.

तुमची ती पद्धत मला अजून डोळ्यांपुढे दिसते. नवी पोरं पलटणीत आली की रविवारी मैदानावर चारी कंपन्यांचे हवालदार आपापल्या संघासाठी माणसं निवडायला जमायचे. आदल्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर संघ मांडता. पुढे कांदे, मध्ये बटाटे, मागे लसणाचे दोन गड्डे, आणि गोलीच्या, म्हणजे गोल राखणाऱ्याच्या, जागी आईचा खलबत्ता. आई चुलीपाशी भाकरी थापते आहे आणि म्हणते, "अहो, तुमचा गोली इकडे द्या, मला मिरच्या कुटायच्या आहेत." तुम्ही म्हणता, "सगळे कांदे घे, गोली मिळायचा नाही." आणि मग माझ्याकडे वळून, मी कॉन्व्हेंटच्या निळ्या स्कर्टमध्ये उंबऱ्यावर बसलेली, तुम्ही शिकवता: पहिल्या पाळीला गोली, दुसऱ्या पाळीला स्टॉपर, गोलीपुढचा बचाव करणारा. पुढे पळणारे कधीही मिळतात, कारण पुढे पळायला सगळ्यांनाच आवडतं. मागे उभं राहून साऱ्या मैदानावर ओरडणारा माणूस शोधावा लागतो. बाकीचे हवालदार हसायचे. पण करंडक किती वर्षं आपल्या पत्र्याच्या कपाटावर होता, ते मला ठाऊक आहे.

काल मी हे सगळं त्या लोकांना सांगितलं. गेले पंधरा दिवस त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाद चालला होता, आधी कोणती जागा भरायची. स्ट्रायकर की विंगर, विंगर की स्ट्रायकर. यातल्या निम्म्यांना जिना चढला तरी धाप लागते. मी लिहिलं, आधी गोली. त्यावर हसणारे चेहरे आले. प्रत्येक संघात एक ज्येष्ठ नागरिक मेंटॉर म्हणून असतो, आमच्याकडे ती मी, आणि मेंटॉरला एक खेळाडू स्वतःच्या पसंतीने घेता येतो, कुठल्याही फेरीत. बाकी त्याला कोणी विचारत नाही. कप्तान मला म्हणाला, "आंटी, गोली तो कोई भी बन जाता है. जो बच गया, उसको खड़ा कर देंगे."

जो उरेल तो. आणि उरतं कोण, तेही ठरलेलंच. नियम असा आहे की सातजणांत एक तरी मुलगी किंवा बाई खेळलीच पाहिजे. मग हे शहाणे काय करतात, तर सहा गडी पुढे पळणारे घेतात आणि अखेरच्या फेरीत एखादी बाई उचलून तिला गोलात उभी करतात. एका दगडात दोन्ही कामं. गेल्या वर्षी पाचव्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाईंना असंच उभं केलं. अकरा गोल झाले तेव्हा त्यांचा स्वतःचा नवरा बाजूला उभा राहून व्हिडिओ काढत होता.

आणि यादीत तुमची पणती होती. माझ्या मुलीची मुलगी, सतरा वर्षांची, माझ्याच घरात वाढलेली. ती खरोखरची गोली आहे, बाबा. शाळेच्या संघात तीन वर्षं. तिचे सोलवटलेले गुडघे बघाल तर शाबासकी दिल्यावाचून तुम्हाला राहवणार नाही. ती ओरडतेही तशीच, "पीछे देख, पीछे!", सगळा बारावा मजला जागा होतो. शाळेतलं हे शेवटचं वर्ष, पुढे अभ्यास, आणि तिची आई म्हणते की आता पुरे. परवा ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, मला त्यांनी लेडीज म्हणून नाही घ्यायचं हं. गोली म्हणून घ्यायचं. एकदा तरी. तसं घेतलं ना, तर मम्मीला मी सांगू शकेन की मी खेळ सोडणार नाही." मी म्हणाले, "बघते." तिने माझ्याकडे अशा खात्रीने पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला.

तुम्हाला आठवतं का, तुमच्या गावचा एक पोरगा भरतीत आला होता? लांब हातांचा. पहिल्या वर्षी तुम्ही त्याला पहिल्या पाळीला घेतलं आणि मेसमध्ये कुजबुज झाली, गाववाला आहे ना. दुसऱ्या वर्षी जुन्या-नव्या सगळ्यांचीच पुन्हा निवड होती. तुम्ही एक पाळी थांबलात, लोकांना दाखवायला. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने त्याला उचललं. अंतिम सामन्यात त्याने आपल्या कंपनीला एकही गोल करू दिला नाही. त्या दिवशी तुम्ही घरी आलात, बूट न काढता स्वयंपाकघरात बसलात आणि आईला म्हणालात, "आपला आहे म्हणून चांगल्या माणसाला मागे ठेवणं, हाही वशिलाच. फक्त उलटा." मी अकरा वर्षांची होते. नन्सनी शिकवलेलं पुष्कळ विसरले, हे विसरले नाही. निदान तसं मला वाटत होतं.

काल पहिली फेरी झाली. आमच्या कप्तानाने केस बांधलेला एक स्ट्रायकर घेतला. दुसऱ्या फेरीत आणखी एक स्ट्रायकर. तिसऱ्या फेरीला त्याने माझ्याकडे पाहिलं, "आंटी, आपका पिक?" माझ्या ओठांवर नातीचं नाव होतं. समोर दुसऱ्या संघाची मेंटॉर बसली होती, निवृत्त प्राध्यापिका, जिला मी या ग्रुपवर दोनदा टोमणे मारले आहेत. ती गालात हसली आणि शेजारणीला म्हणाली, "अब पोती का नंबर आएगा." मुलीच्या मुलीला हिंदीत नातिन म्हणतात, पोती नव्हे, हेसुद्धा तिला कळत नाही. आणि मी, बाबा, त्या बाईच्या हसण्यापायी, नवव्या मजल्यावरच्या एका जाड्या स्टॉपरचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. कोणी तरी म्हणालं, "आंटी बिल्कुल फेअर हैं." त्या टाळ्या मी मान झुकवून घेतल्या. त्या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त किळस मला तेव्हा कोणाची आली असेल, ते तुम्ही ओळखाल.

नात सातव्या फेरीत गेली, शेवटच्या, त्याच प्राध्यापिकेच्या संघात. त्यांचा कप्तान म्हणाला, "चलो, लड़की भी हो गई, गोली भी हो गया," आणि सगळे समोसे खायला उठले.

घरी आले तर ती दारातच उभी. संघांच्या याद्या तिच्या फोनवर आल्या होत्या, पण कोण कितव्या फेरीत गेलं हे त्यात नसतं. "आजी, तू मला घेतलं का नाहीस?" मी चपला काढत म्हणाले, "घेणारच होते. त्यांनी आधी उचललं." "कितव्या फेरीत?" ती म्हणाली. मी म्हणाले, "दुसऱ्या."

"दुसऱ्या? यार, स्ट्रायकर सोडून?" ती ओरडली, मला घट्ट धरलं, आणि लगेच आईला फोन लावला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला. आज सकाळपासून ती खाली मैदानावर आहे, दुसऱ्या फेरीतल्या माणसासारखी.

त्या प्राध्यापिकेला खरं माहीत आहे, कप्तानाला आहे, खोलीतल्या तीस माणसांना आहे. सामना रविवारी आहे आणि त्याआधी कोणी ना कोणी तिच्यापाशी बोलेलच. तिला मीच आधी सांगायला हवं, हे मला कळतं. ते करायच्या ऐवजी मी तुम्हाला लिहीत बसले आहे, कारण तुम्ही वाचणार नाही.