तिरकी रेघ

अजमान, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८

आज दुकानात एका अमेरिकन बाईंनी धुवायला गालिचा आणला. त्यांच्याकडच्या नवाहो आदिवासी बायका घरी उभ्या मागावर विणतात, तसला. तांबडा, मधे काळे-पांढरे शंकरपाळे. आणि विणीत एक बारीक तिरकी रेघ, उजेडात धरली तरच दिसणारी.

आमचे पठाण मालक म्हणाले, "डिफेक्ट है. भर दो, खलास." मी सुई ओवलीसुद्धा.

बाई "नो, नो" करत सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या आणि हातांनी दाखवलं. विणणारी हात पोहोचेल तेवढाच भाग विणते, मग सरकते आणि पुढचा घेते. दोन भाग जुळतात तिथे ही रेघ राहते.

मला घरची सुमनच दिसली. गोधडी शिवताना ती गोधडीवरच बसते. हात पोहोचेल तिथवर टाके घालते, मग पुढे सरकते. सरकते तिथे टाक्यांची ओळ वाकते. किती चिडवायचो मी तिला त्यावरून!

बाई गेल्यावर कडेपासून त्या रेघेपर्यंत वितीने मोजलं. साडेतीन विती. सुमनचा हात एवढाच असेल का? आठवेना. स्वतःच्या बायकोचा हात केवढा ते आठवेना मला.

गेल्या शुक्रवारी फोनवर तिने विचारलं, "दिवाळी गेली. आता कधी येताय?" मी म्हटलं, "इन्शाल्ला." इकडे आखातात 'नाही' म्हणायचं टाळायला सगळे हेच म्हणतात. या शब्दाचा अर्थ तिला आता पाठ झालाय.

ती रेघ काही डोळ्यांसमोरून जात नाही. हात पोहोचेना की बायका उठून सरकतात. मी सहा वर्षं बसल्या जागेवरून नुसता हात लांब करतोय.