पित्तशामक वटी

शारजा,
शुक्रवार, ७ मार्च २००३

ती. दाजी यांस,
सदाचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही तिघं ठीक. तिकडेही सगळं ठीक असेल, हे पुढचं वाक्य हाताच्या सवयीने येत होतं, ते अडवलं. आठवड्यातून दोनदा बायकोला डायलिसिसच्या मशीनवर घेऊन जाणाऱ्या माणसाला ते काय लिहायचं!

इथली बातमी म्हणजे लढाई. इराकवर आज बॉम्ब पडतात की उद्या, यावर इथल्या रोल्ला बाजारातली माणसं चहा पिता पिता पैजा लावतात आणि घरी जाताना पाण्याची खोकी उचलतात. आमच्या ग्रोसरीत तांदळाचं पोतं उरलेलं नाही. परवा एक मल्याळी बाई मेणबत्त्यांचा अख्खा खोका घेऊन गेली. मी म्हटलं, "चेची, किसका बर्थडे है?" तेवढीच हसली बिचारी. वेदांगची बारावी चालू आहे. पेपर कसा गेला विचारलं की "फाइन". चांगला गेला तरी फाइन, आपटला तरी फाइन. अनुपमाने अक्कासाठी मऊ अभ्रे शिवून दिलेत, ते सोबत आहेत.

आता दाजी, एक काम करा. तुम्ही माझी पत्रं चष्मा लावून, हेडमास्तरी आवाजात, अक्काला वाचून दाखवता. मला ते माहीत आहे आणि आवडतंही. पण हे पत्र इथे थांबवा. अक्काला सांगा, डोळ्यांत पाणी येतंय, उरलेलं नंतर. मग देवळाच्या पारावर जा नाहीतर शाळेच्या मैदानावर जा, पण एकटे बसा आणि मनातल्या मनात वाचा.

फोन का केला नाही, असं विचाराल. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून दुकानातल्या अन्वरच्या हाती देतोय. तो उद्या मुंबईला उतरेल, रविवारी कऱ्हाडात तुमच्या हातात पाकीट देईल. त्याला बजावलंय, दाजींच्याच हातात. तो म्हणाला, "शेठ, सोनं हाय काय आत?"

सोनं नाही. औषधाची बाटली आहे. तीच, जी मी सत्त्याण्णव सालापासून अक्काला पाठवत आलो. तिला घशाशी आंबट यायचं, डोळे लाल व्हायचे, डोकं चढायचं, आणि डोकं चढलं की ती तुमच्यावर भांडी आपटायची. त्यावर सदाच्या गोळ्या. काळ्या, बारीक, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या. सकाळी आठ गोळ्या, संध्याकाळी आठ. गावी जाणारा कुणीही भेटला की त्याच्या बॅगेत मी दोन बाटल्या कोंबायचो. इथली सगळीच माणसं तसं करतात. कुणी अत्तर पाठवतं, कुणी बदाम. मी अक्काचं पित्त शांत करायचो. भारी वाटायचं.

ती बाटली आज तुम्हाला वेगळी दिसेल. वर 'पित्तशामक वटी, केवळ वनस्पतींपासून' असं मराठी लेबल नाही. चिनी अक्षरं आहेत.

दाजी, ती पहिल्यापासून चिनीच होती.

देरा दुबईत लिन मॅडम म्हणून एक चिनी बाई आहेत. त्यांचं जडीबुटीचं दुकान आहे. बाम, तेल, गोळ्या मी त्यांच्याकडून आणतो आणि आमच्या ग्रोसरीच्या काउंटरवर ठेवतो. आपलं पित्त म्हणजे त्यांच्या भाषेत यकृतातली आग. डोळे लाल, तोंड कडू, डोकं तापलेलं, माणूस चिडका. मी म्हटलं, ही तर आमची अक्का! मॅडम हसल्या आणि ही बाटली पुढे सरकवली. नाव लोंग दान श्ये गान. शेकडो वर्षांचा पाठ, म्हणजे औषधाची कृती, आहे म्हणाल्या, आपल्याकडच्या त्रिफळ्यासारखा सगळ्यांना पाठ.

पहिली बाटली मी तशीच पाठवली होती. आठवतं? अक्काने उघडलीसुद्धा नाही. "त्यात साप असतील, बेडूक असतील, मी एकादशी करणारी बाई," असं तिने पत्रात कळवलं होतं. मग मी डोकं चालवलं. रोल्लात एका प्रेसवर लेबलं छापून घेतली. बाटल्या टबात भिजवल्या, चिनी कागद नखाने सोलला, आपला चिकटवला. अनुपमा दारात उभी होती. म्हणाली, "अहो, औषधाचं नाव कसलं बदलता?" मी म्हटलं, "नाव बदललं म्हणून गुण बदलतो का?"

पाच वर्षं ते वाक्य मी हुशारी म्हणून चारचौघांत सांगत होतो.

काल सकाळी माल आणायला देराला गेलो. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. दोन दुकानं पलीकडचं गिऱ्हाईक कशावर घासाघीस करतंय, ते मला इथे बसून कळतं. त्याच कानांवर मी धंदा उभा केला. लिन मॅडम आत कुणाशी तरी फोनवर इंग्रजीत बोलत होत्या. मी दारातच होतो. "किडनी" हा शब्द आला. परत आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्या फळीवरच्या आपल्या बाटल्या काढून खोक्यात टाकत होत्या. मला बघून म्हणाल्या, "सदा भाई, ये दवा खलास. नो सेल. तुम्हारे पास जितना है, वापस लाओ."

"क्यूं?"

"किडनी खराब करता है. चायना में बहुत लोग हॉस्पिटल में."

मी तिथे स्टुलावर बसलो. मला वाटतं मी हसलोही. त्यांनी मग समजावून सांगितलं. जुन्या ग्रंथातल्या पाठात एक वेल आहे, ती निरुपद्रवी. पण पुढे कारखान्यांत दुसरी वेल वापरायला लागले. ती सहज मिळायची आणि नाव जवळजवळ तेच. ती विषारी. हळूहळू किडनी वाळवते. ना दुखत, ना खुपत. मॅडम म्हणाल्या, "नाम सेम. अंदर का माल दूसरा."

त्या मला त्यांच्या देशातली गोष्ट सांगत होत्या. मी मात्र आमच्या बाथरूममधला टब बघत होतो.

गाडी घेऊन निघालो. अल नहदाचा, घराकडे जायचा एक्झिट कधी गेला कळलं नाही. पार पुढच्या गावात, अजमानच्या चौकात मागच्याने हॉर्न मारला तेव्हा भानावर आलो. घरी येऊन वेदांगला इंटरनेटवर बघायला लावलं. पाच मिनिटांत त्याने चार कागद छापून माझ्यापुढे ठेवले. ते चारही जोडलेत. मग त्याने विचारलं, "पप्पा, हाऊ मेनी बॉटल्स डिड यू सेंड?" मी म्हटलं, मोजल्या नाहीत. तो फाइन म्हणाला नाही.

दाजी, इथपर्यंत मला कुणी फसवलेला म्हणेल. माणूस चुकतो, औषध खोटं निघतं. पण दोन गोष्टी आहेत, त्या मी कालपासून टाळतोय. आज लिहिल्या नाहीत तर परत लिहिणार नाही.

पहिली. सत्त्याण्णव साली बाटली देताना लिन मॅडम म्हणाल्या होत्या, "दो हफ्ता. फिर बंद. बहुत ठंडा दवा है." स्वच्छ ऐकलं मी. ज्याला पलीकडच्या दुकानातलं ऐकू येतं त्याला समोरच्या बाईचं ऐकू आलं नाही, असं कसं म्हणू? पण अक्काला बरं वाटत होतं. "सदूच्या हाताला गुण आहे," असं ती गावभर सांगत होती. ते ऐकायला मला जास्त गोड लागलं. तिला दोन आठवड्यांचं कधी कळवलंच नाही.

दुसरी. दिवाळीत मी आलो होतो तेव्हा किडनीच्या डॉक्टरांकडे आपण दोघं गेलो. त्यांनी विचारलं, "कसली जडीबुटी, भस्म, परदेशी औषध?" तुम्ही सरळ मनाने म्हणालात, "मेव्हणा पाठवतो ते पित्ताचं आयुर्वेदिक." डॉक्टर माझ्याकडे वळले. "काय असतं त्यात?" मी म्हणालो, "आवळा, हिरडा, असलंच. आपलंच साधं." दाजी, मला त्यातलं एकही पान ओळखू येत नाही. त्या माणसाने ते लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेला. लेबलची लबाडी उघडी पडेल, अक्का रागावेल, एवढ्यासाठी मी डॉक्टरच्या तोंडावर हिरडा म्हणालो.

तेव्हा मला विष माहीत नव्हतं. पण खोटं माहीत होतं.

आता मुख्य. काल दुपारी घरी फोन लावला. तुम्ही वैभवीला घेऊन पुण्याला, किडनी द्यायच्या आधीच्या शेवटच्या तपासण्यांना गेला होतात. अक्काने उचलला.

"सदू, लढाई सुरू झाली का रे?"

"नाही गं. तुझं कसं?"

"माझं मशीन उद्या. ऐक, डॉक्टरला सांगू नको. परवा डोकं इतकं चढलं, तुझ्या चार गोळ्या घेतल्या बघ. लगेच उतरलं."

"अक्का, टाकून दे त्या. सगळ्या. आत्ता."

"का रे?"

इथे खरं सांगायचं होतं. तोंडातून आलं, "डेट गेलीय त्यांची."

"चल! गोळ्यांना कसली डेट. आणि माझ्याकडे उरल्यात कुठं? वैभूच घेते त्या. वर्ष झालं. तोंडावर पुटकुळ्या यायच्या ना तिच्या? बघ आता ये, काचेसारखं झालंय तोंड."

दाजी, फोन माझ्या कानालाच होता आणि मला पुढचं काही ऐकू आलं नाही. या कानांना हे आयुष्यात पहिल्यांदा झालं.

आज सकाळी वैभवीला फोनवर गाठलं. म्हटलं, गोळ्या बंद. "केल्या मामा, आई म्हणाली डेट गेली." म्हटलं, डॉक्टरांना सांगितलंस का, तूही घेत होतीस म्हणून? तर म्हणाली, "पिंपल्सचं काय सांगायचं? उगाच ऑपरेशन लांबवतील. रिपोर्ट सगळे नॉर्मल आलेत माझे." तिला मी खरं कारण सांगितलं असतं तरी तिने ते दाबून ठेवलं असतं. आईला किडनी द्यायची म्हणजे द्यायची. तुमची मुलगी आहे, आणि थोडी माझी भाची. गोष्ट दाबायची कला तिला आमच्याकडूनच मिळाली असणार. म्हणून तिला नाही, तुम्हाला लिहितोय.

एकोणीस तारखेचं ऑपरेशन थांबवा. रविवारी पाकीट मिळेल, सोमवारी पुण्याला जा. डॉक्टरांच्या टेबलावर ही बाटली आणि वेदांगचे कागद ठेवा. सांगा, अक्का पाच वर्षांच्या वर आणि वैभवी एक वर्ष. रिपोर्ट नॉर्मल असले तरी सांगा. वेदांग म्हणतो, हे विष उशिरा दिसतं. आणि हेही सांगा की हिरडा म्हणणारा माणूस खोटं बोलला. त्याचं नाव सदानंद.

मी मंगळवारच्या विमानाने येतोय. का, ते सांगतो.

अठ्ठ्याहत्तर साली रोल्लात पोती उचलायला लागलो तेव्हा माझे मालक नूरुद्दीन शेठ होते. सुक्या मेव्याचे व्यापारी. पहिल्याच दिवशी त्यांनी दम दिला, "धंदे का माल मुंह में नहीं डालना." पंचवीस वर्षं तो नियम पाळला. दुकानातला काजू मी तोंडात टाकलेला नाही. मलाही पित्त आहे, दाजी. डोकं चढलं की मी आल्याचा रस घेतो. त्या गोळ्यांपैकी एकही मी कधी घेतली नाही. अक्काला बाटल्यांवर बाटल्या पुरवल्या, आपल्या तोंडात एक नाही. काल हे लक्षात आलं तेव्हा आरशात बघवेना.

पण आज सकाळी दाढी करताना त्याच आरशात दुसरं सुचलं. माझा रक्तगट अक्काचाच आहे. साखर नाही, बीपी नाही. गेल्या महिन्यातले रिपोर्ट जोडलेत. सख्ख्या भावाची चालते, विचारून घेतलंय. माझ्या दोन्ही किडन्या कोऱ्या आहेत, आणि का कोऱ्या आहेत ते तुम्हाला आता माहीत आहे. डॉक्टर हो म्हणाले तर त्यातली एक तिची. नाही म्हणाले तर ते काय सांगतील ते.

अनुपमाला हे सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "मला विचारलंत?" कणीक झाकून ठेवली आणि म्हणाली, "दोन तिकिटं काढा. तुमच्या हातातून लेबलं काढून घ्यायला कुणीतरी पाहिजे."

अक्काला तुम्ही काही सांगू नका. ते माझं काम आहे. मशीनशेजारच्या खुर्चीवर बसून, तिच्या तोंडावर सांगेन. तिने भांडं फेकलं तर फेकू दे. फेकलं नाही तर मला जास्त भीती वाटेल.

दुकान अजून उघडलेलं नाही. समोरच्या मशिदीत जुम्म्याच्या नमाजाला माणसं निघालीत, अन्वर खाली गाडीत वाट बघतोय. पत्र मी परत वाचणार नाही. वाचलं तर सुधारेन, आणि माझी सुधारणा कशी असते ते तुम्ही पाहिलंत. शुद्धलेखनाच्या चुका असतील. तेवढ्याच चुकांवर लाल शाई मारून सोडून देण्यासारखं हे पत्र असतं तर!

तुम्ही म्हणू दिलंत तर अजूनही तुमचा मेव्हणा,
सदानंद

ता. क. बाटलीवरचं लेबल मूळचं आहे. चिकट लागलं, सुटायला आलं, तरी कृपा करून कुणी ते काढू नका.