चिठ्ठीशिवाय व्यायाम नाही

लोणखेडा, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९५७

आज तालमीत फार वाईट वागलो. तरी राग जात नाही.

शांताचा भाऊ जगन चौदा वर्षांचा. आषाढात आला तेव्हा मारुतीच्या पाच पायऱ्या चढताना त्याला धाप लागायची. पोरं त्याला गोणी म्हणायची, मीही म्हणायचो. शिकवायला लागलो ते काय त्याच्यासाठी? कॉलेज अर्धवट सोडून आलो शांतासाठी. तिला माझी चिठ्ठी पोचवायची, मगच जोर-बैठका, असं ठरलं होतं.

चार महिन्यांत धाप गेली. पोट थोडंच उतरलं, पण मान वर आली. वर्गात उभा राहून बोलतो म्हणे. आज चिठ्ठी पुढे केली, तर हात मागे घेतला.

“भाऊ, आते मी चिठ्ठी लई जावाव नही. ताई वाचस नही. चुल्हामा टाकी देस.”

“कधीपासून?”

“पहिलीपासून. माले तुन्हा भ्याव वाटे, म्हनीन सांगं नही.”

त्याची भीती मीच घालवली की. मग सगळ्यांसमोर दोनशे बैठका मारायला लावल्या. “ऊठ गोणी, ऊठ,” म्हणत राहिलो. पोरं हसत होती. दीडशेला त्याला पुन्हा धाप लागली. ती ऐकून मला बरं वाटलं, हे खोटं कशाला लिहू?

त्यानं दोनशे पुऱ्या केल्या. सदरा घातला, माझ्याकडे सरळ बघितलं. “सकाय येसू, भाऊ.”

उद्या येईलच तो. तालमीची किल्ली माझ्याकडे असते. दार उघडणार नाही.