अर्ध्या कोयत्याची जोड

२६ सप्टेंबर

शाळेत सभा ठेवली होती. विषय — ऊसतोडीला जाताना पोरं गावातच ठेवा. आलं कोण? मी, बन्सीधर सर आणि व्हरांड्यातली दोन कुत्री! मुकादम दत्तरावनं बरोबर त्याच वेळेला पारावर टोळी बोलावली. सगळं गाव तिकडं.

आमची मजूर संघटना म्हणजे तरी काय? मी, नोकरी सांभाळून चोरून येणारे सर आणि एक बॅनर. बॅनरचा कोपरा उंदरानं खाल्लाय. 'एकजुटीचा' एवढाच शब्द उरलाय, 'विजय' उंदराच्या पोटात. सर हसले. मलाही हसू आलं, पण उशिरा.

घरी आले तर आई विचारते, "किती जन आले?" म्हटलं, मोजायची वेळच आली नाही.

२८ सप्टेंबर

दिवसभर ब्लाउज शिवले. सभा नाही, निवेदन नाही. बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून मग वाईट वाटलं.

२ ऑक्टोबर

सकाळी विहारात वंदना. पांढरी साडी नेसून आई सगळ्यांच्या पुढं बसली होती. तिथं तिचा आवाज अजून खणखणीत लागतो. उठताना मात्र माझ्या खांद्याला धरून उठली. कंबर!

दुपारी बघते तर खिळ्यावरचा कोयता काढून दगडावर घासत बसलेली. वरच्या गल्लीत आज दसऱ्याचं सगळीकडे हत्यारांना हळदीकुंकू. मी म्हटलं, "आई, आपण कधीपासून पूजा करायला लागलो?"

"पूजा कुठं करायलेय? धार लावायलेय."

"कशाला पण?"

"गंजतंय म्हून."

तेल लावून परत खिळ्याला टांगला. मशीन घेतली त्या वर्षी तिला बजावलं होतं — आता ऊस बंद. तेव्हापासून तो भिंतीलाच आहे. भंगारात द्यायचं नाव काढलं की तिला राग येतो. या कोयत्यानंच तुला बारावी केली, म्हणते. खरंच आहे ते. मी आजीपाशी राहून शिकले आणि आई बाबांबरोबर दरसाल कारखान्याला. दोघं मिळून एक कोयता.

७ ऑक्टोबर

परभणीला धरणं. मागणी जुनीच. आईबाप तोडीला गेले की पोरांनी शाळेतच जेवावं, शाळेतच झोपावं, अशी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. कागदावर! दरवर्षी मागतो, आणि मंजुरी येते तोवर टोळ्या परतीच्या वाटेला लागलेल्या असतात.

एक साहेब बाहेर आले. "ताई, तुम्ही थकत नाही का हो?" मायेनं विचारलं की वैतागून, समजलं नाही. थकते. चप्पल झिजली, आवाज बसला, चाळिशी आली. सांगितलं नाही. निवेदन दिलं आणि आले.

गंगाखेडपर्यंत एसटीत उभी. शेजारची बाई म्हणाली, "नोकरीला हाव का तुमी?" म्हटलं, हो. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

९ ऑक्टोबर

अर्पिता तीन दिवस शाळेत नाही. आठवीतली पोर, वर्गात पुढं. सरांनी कळवलं म्हणून वरच्या गल्लीत तिच्या घरी गेले.

अंगणात होती. कडब्याच्या पेंढ्या बांधायची, डोक्यावर घ्यायची, भिंतीपर्यंत न्यायची, टाकायची. परत दुसरी. मला बघून खूश! "ताई, बघा, मला मोळी बांधता येती आता." केवढा अभिमान चेहऱ्यावर.

आई बायनाबाई बाजेवर पडलेली. भर पावसाळ्यात तिची गर्भपिशवी काढली. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही. बाप भागवत म्हणाला, "ताई, मी आता आर्धा कोयता झालो. आर्ध्याला टोळीत कोन घेतंय?"

नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवते — ते दोघं मिळून एक कोयता. राहायला फडाजवळ एक कोपी, म्हणजे झोपडी. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतात तीही पूर्ण कोयत्याची. यंदाची उचल ऑपरेशनला गेली. आता उरलेला अर्धा म्हणजे ही तेरा वर्षांची पोर. बायनाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. झोपलेली नव्हती.

चहा दिला. घरातल्यांना कपबशी, मला कागदी कप. दर वेळी असंच. पिऊन कप चुरगाळला आणि माझ्याच पिशवीत टाकला.

११ ऑक्टोबर

दत्तराव मुकादमाला गाठलं. ओसरीवर बसून पान लावत होता.

"ताई, मला काय हौस हाय व्हय लेकरू न्यायाची? जोड आना कुनाची बी, पोरगी ठिवा घरी. पर बाईमानूस पायजे. दोन गडी चालत न्हाईत मला. कोपीत भाकरी कोन थापील?"

तक्रार करू म्हटलं. हसला. "करा की. भागवतच जाईल आत. मी कुठं म्हनलो पोरगी आन म्हून?"

खरं बोलला मेला! वाटेत शाळेच्या पायरीवर नुसतीच बसून राहिले.

१२ ऑक्टोबर

म्हणजे गोष्ट एवढीच आहे. भागवतला एक बाई मिळाली की अर्पिता शाळेत. कायदे, धरणं, बॅनर एकीकडे राहिलं. आता जोड शोधत फिरा!

आईला म्हटलं, मीच जाते. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुला पेलती का मोळी? शिलाई मशीन न्हाई ते. आन हितं पोरं थांबली तर त्यांच्यापशी कोन, तुझा बॅनर?"

१४ ऑक्टोबर

आमच्याच गल्लीतली संघप्रिया. नवरा वारला, पोरं मोठी झाली. हाताची चपळ, टोळीतच जन्म गेलेला. यंदा टोळी ठरलेली नाही. तिला विचारलं. आधी लाजली, गाव काय म्हणेल म्हणून. मी म्हटलं, भाऊ समजून जा. मग लगेच तयार झाली आणि दारापर्यंत आल्यावर थांबली.

"ताई, एक कोयता म्हंजी एक कोपी. कोपी एक म्हंजी चूलबी एकच की. भागवत माझ्या हातचं खाईल?"

सुचलंच नव्हतं! इतकी वर्षं यात घालवून मला चूल सुचली नाही. मोळी सुचली, गाडी सुचली, मुकादम सुचला.

"इचारून सांगा," ती म्हणाली. "न्हाई म्हनला तर मला परत सांगू नका."

१५ ऑक्टोबर

भागवतला विचारलं. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"बाई चांगली हाय ती. माझं काय न्हाई, ताई. पर टोळीत समदे आमचे भावकीचे. उद्या लेकीचं लगीन करायचंय… चूल तेवढी येगळी ठिवली तर?"

म्हटलं, दिवसभर ऊस एकत्र तोडायचा, एका पत्र्याखाली झोपायचं आणि संध्याकाळी तिनं वेगळ्या तीन दगडांवर शिजवायचं? तुझ्या लेकीऐवजी जी मोळ्या उचलणार, तिचीच भाकर चालत नाही?

वाईट माणूस नाही तो. त्याचीच तर पंचाईत! वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते.

संघप्रियाला परत सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पाण्याच्या टाकीवर भेटली, वळून दुसऱ्या बाजूनं गेली.

१८ ऑक्टोबर

जेवताना आई अचानक म्हणाली, "म्हंजी नुसतं चुलीवरच आडलंय व्हय?"

हो म्हटलं.

"बाकी तयार हाय त्यो?"

हो म्हटलं, आता तो विषय नको. तिनं आमटीत भाकरी चुरली.

२१ ऑक्टोबर

गावात फटाके. मी आडवी पडून. सुईदोरासुद्धा उचलवला नाही.

२४ ऑक्टोबर

मंजुरी आली! टोळ्या निघायच्या आधी, पहिल्यांदाच! सर धावत आले, चष्मा हातात, डोळे पुसत. शाळेच्या दोन खोल्या, सतरंज्या, दोन वेळचं जेवण. लहान पोरांचे आईबाप दिवसभर येऊन नावं सांगून गेले. ज्यांनी सभेकडे पाठ फिरवली, तेच.

मी वेड्यासारखी उड्या मारायला हवी होती. मारल्या नाहीत. यादी करताना सारखी अर्पिताच आठवत होती. बाकीची राहिली, तीच एक चालली. सर म्हणाले, "सगळी कुठं वाचतात ताई." त्यांच्यावर ओरडले. मग माफी मागितली.

हे वर्ष झालं की बास. खरंच बास. मशीन आणि मी. दुसऱ्या कुणीतरी धरावा तो बॅनर.

२५ ऑक्टोबर

आई सकाळी वरच्या गल्लीत जाऊन आली. कधी जात नाही ती. विचारलं तर म्हणते, "भागवतच्या बायकोला बघून आले. वाळलीय लय."

चहा दिला का? — मी मुद्दाम विचारलं.

"दिला."

कशात दिला ते विचारायचं राहिलं.

२६ ऑक्टोबर

शेवटचं म्हणून परत भागवतकडं गेले. घरात नव्हता. अर्पिता दप्तर आवरत होती. पुस्तकं धाकट्या चुलतभावाला देणार म्हणे. "ताई, इंग्रजीचं नेऊ का सोबत? दुपारी वाचंन." दुपारी! म्हटलं ने. वाटेत रडले. विजेच्या खांबाला टेकून, भर रस्त्यात, मीच मला नकोशी वाटेस्तोवर.

२७ ऑक्टोबर

उद्या पहाटे टेम्पो निघणार. मी आज वसतिगृहात झोपणार — पोरांची पहिली रात्र, कुणीतरी हवं. निघताना बघितलं, आई भाकरीवर भाकरी थापतेय. शेंगदाण्याची चटणी केलेली, तिळाची वेगळी. म्हटलं, एवढ्या कशाला?

"लेकरायला लागत्यात की."

चार भाकरी फडक्यात बांधून दिल्या. बाकीच्या टोपल्यातच ठेवल्या. मी दारातून बाहेर पडले तर हाक मारून थांबवलं आणि पदरानं माझं तोंड पुसलं. घाम होता म्हणे. चाळिशीच्या बाईचं तोंड पुसतात का! चिडूनच निघाले.

२८ ऑक्टोबर

प्रार्थनेच्या रांगेत अर्पिता! दप्तरासकट. मी धावत गेले.

"ताई, सरजाआज्जी गेली बाबासंगं. गाडी हालेपस्तोर तुमाला सांगायचं न्हाई म्हनली."

माझी आई. त्या कमरेनं.

"बाबा म्हनला, आज्जी, तुमची चूल येगळी मांडून देतो. आज्जी गाडीतून खालीच उतराया लागली. म्हनली, आर्धा तू, आर्धी मी. चूल एकच. भाकर माझ्या हातची. जमतंय का सांग, न्हाईतर ने तुझ्या लेकीला."

"मग?"

"मग बाबानं तिथंच टोपल्यातली भाकर घेतली, ताई. समद्या टोळीपुढं. उभ्या उभ्या खाल्ली."

घरी आले. खिळा मोकळा आहे.